सात सावास आणि एक क्लिमेनी

आमच्या ग्रीक बेटावरच्या पेट्रोवुनी गावाच्या गल्लीत उभं राहून कुणी "सावास!" अशी हाक मारली, की निदान पाच खिडक्या उघडतात आणि सहावा सावास गाढवावर बसल्या बसल्या मागे वळून बघतो. यात गावाला काही वावगं वाटत नाही. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, आणि पुढच्यांना आईकडच्यांची. एका आजोबाला पाच मुलगे झाले की पुढच्या पिढीत पाच घरांत पाच सावास कुलियानोस तयार. मग त्यांना ओळखायला सावास सार्डिन, सावास घंटावाला, सावास तीनबोट्या अशी नावं पडतात, आणि दहाही बोटं शाबूत असलेला नातू जन्मभर तीनबोट्या म्हणून मिरवतो. नाव ही आमच्याकडे ज्याची त्याची वस्तू नाहीच. ते म्हाताऱ्यांचं असतं, आपण ते नुसतं सांभाळायचं.

अशा गावात १९३१ साली एका मुलीचं नाव क्लिमेनी ठेवलं गेलं. तिच्या आधी ते गावात कुणाचंच नव्हतं.

खरं तर ती एव्दोकिया व्हायची. आजीचं नाव एव्दोकिया, आणि आजी सहा वर्षं या दिवसाची वाट बघत होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी ती नवा काळा रुमाल डोक्याला बांधून, पोरांना वाटायला ओटीत भाजलेले बदाम घेऊन चर्चच्या दाराशी उभी होती. पण मूल पाण्यात बुडवताना नाव उच्चारायचा हक्क असतो तो धर्मपित्याचा, आणि धर्मपिता होता कप्तान थ्रासोस. आदल्या हिवाळ्यात तो आणि मुलीचा बाप दोन दिवस वादळात अडकले होते. एकाच शिडावर त्यांची होडी त्यांना घरी घेऊन आली होती. होडीचं नाव क्लिमेनी. थ्रासोसने तेव्हाच मनातल्या मनात नवस बोलला होता आणि तो कुणालाही सांगितला नव्हता.

"क्लिमेनी," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

पाद्रीबाबांचे हात मुलीसकट हवेतच थांबले. "हे कुठल्या संतिणीचं नाव रे, कप्तान?"

"जानेवारीत तुम्हीच पवित्र पाणी शिंपडून याच नावाच्या होडीला आशीर्वाद दिलात की! लाकडाला चालतं आणि लेकराला चालत नाही?"

पाद्रीबाबांनी मुलीला त्याच नावाने पाण्यात बुडवलं. रिवाजाप्रमाणे आई घरी दारात उभी होती, आणि नाव सांगून खाऊ मिळवायला पोरं धावत सुटली. आजी एव्दोकिया मात्र ओटीतले बदाम तसेच घेऊन घरी गेली. ते बदाम तिने कुणालाही दिले नाहीत.

पुढे धाकटी बहीण झाली, तिला एव्दोकिया हे नाव मिळालं, आणि आजी निवली. निदान सगळ्यांना तसं वाटलं. पण थोरल्या नातीला तिने कधी नावाने हाक मारली नाही. "ए मुली, पाणी आण." "ए मुली, शेळी सुटली बघ." पाच वर्षांची क्लिमेनी एकदा सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, माझं नाव काय?"

आजी शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "ते त्या होडीला जाऊन विचार."

क्लिमेनी खरंच गेली विचारायला. धक्क्यावर बसून राहिली. होडी काय बोलणार? पण कप्तान थ्रासोसने तिला मांडीवर घेऊन सांगितलं, की पुराणात क्लिमेनी होत्या, एक नाही, पुष्कळ होत्या. कोण कोण ते त्याला माहीत नव्हतं. "शाळा शिक आणि शोधून काढ," तो म्हणाला. थ्रासोसला वाचता येत नव्हतं, पण तो बोलला ते मुलीने मनावर घेतलं.

ती मास्तरीण झाली आणि बाविसाव्या वर्षी गावच्याच शाळेत परत आली. तेव्हापासून गावाने तिला बाई म्हटलं, म्हणून आपणही बाईच म्हणू. एका खोलीची शाळा, सहा इयत्ता, पस्तीस वर्षं. होडी मोडीत निघाली तेव्हा बाईंनी तिचं जुनं शीड मागून आणलं, धुतलं, आणि वर्गाच्या भिंतीवर आढ्यापासून जमिनीपर्यंत ठोकलं. त्यावर काळ्या रंगाने देवांची आणि वीरांची वंशावळ लिहिली. लग्नाला निळा दोरा, मुलांना लाल. दर वर्षी नवीन मुलं त्यात भर घालायची, आणि दोऱ्यांचा असा काही गुंता झाला होता, की शहरातून आलेला माणूस बघूनच घाबरायचा.

आमची पोरं घाबरत नसत. शहरातल्या मुलांना चार ग्लाउकोस पाठ करताना घाम फुटतो म्हणे. आमच्याकडे बाई एवढंच विचारायच्या, "गावात सावास किती?" आणि मग सांगायच्या, तसेच ग्लाउकोस चार. एक मधाच्या रांजणात पडला तो मिनोस राजाचा मुलगा. एकाला त्याच्याच घोड्यांनी खाल्लं. एक कोळी होता, तो कसलासा पाला खाऊन समुद्राचा देव झाला. आणि चौथ्याने रणांगणावर सोन्याचं चिलखत देऊन पितळेचं घेतलं. पोरांनी लगेच बारसं करून टाकलं: ग्लाउकोस मधवाला, ग्लाउकोस घोडेखाऊ, ग्लाउकोस कोळी, ग्लाउकोस येडा. "घोड्यांनी त्याला खाल्लं, त्याने घोडे नाही खाल्ले," बाई म्हणायच्या. पण आमच्या गावात एकदा पडलेलं नाव पुसायची सोय नाही. आयास दोन होते, एक थोरला, एक धाकटा, आणि दोघं एकाच बाजूने लढायला गेले, यातही पोरांना नवल वाटलं नाही. सैन्यात भरती झालेले सावास कुलियानोस एकाच बराकीत तिघे होते.

नात्यांचा गुंता तर विचारूच नका. पर्सियस झ्यूसचा मुलगा. पर्सियसच्या नातीच्या पोटी झ्यूसलाच झालेला मुलगा हेराक्लिस. म्हणजे झ्यूस हेराक्लिसचा बाप आणि वर खापरपणजोबाही. बाईंनी हे शिडावर लाल दोऱ्याने दाखवलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग हेराक्लिसच्या पोराला झ्यूसचं नाव एकदा द्यायचं की दोनदा?" बाई खळखळून हसल्या. वर्षातून दोनतीनदाच त्या तशा हसायच्या.

बाईंनी क्लिमेनीही शोधल्या. त्यांच्या मोजणीत सहा भरल्या. एक प्रोमिथियसची आई, एक सूर्याचा रथ उधळून बसलेल्या फेथॉनची. एक वाऱ्यासारखी पळणाऱ्या अटलांटाची आई, एक पालामिडिसची. एक समुद्रातली परी, एक हेलनची दासी. शिडावर सहा ठिकाणी ते एकच नाव होतं, आणि चौघींच्या नावांखालून लाल दोरा उतरत होता. बाईंचं स्वतःचं लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे जमलं नाही. एक जण होता, तो जहाजावर गेला आणि तिकडेच कुठेतरी रमला. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि गावानेही, आश्चर्यच म्हणायचं, विचारलं नाही.

एकदा जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी छडी शिडावर टेकवली आणि पहिल्या बाकावरच्या मेल्पोला विचारलं, "क्लिमेनी कोण होती, सांग."

दहा वर्षांची मेल्पो उठून उभी राहिली. "कुठली क्लिमेनी, साहेब? सहा आहेत. आणि सातवी तुमच्या मागे खुर्चीवर बसलीय."

साहेबांना तो आगाऊपणा वाटला. शेऱ्यात त्यांनी तसं लिहिलंही. बाईंनी तो शेरा कापून घरी जपून ठेवला.

म्हातारपणी आजी एव्दोकियाची दृष्टी गेली आणि पाठोपाठ समजही. धाकटी बहीण तोवर लग्न करून मेलबर्नला गेली होती. आजी दिवसभर "एव्दोकिया, एव्दोकिया" करत राहायची. पहिल्या दिवशी बाईंनी सांगून बघितलं, "आजी, मी क्लिमेनी." आजीने तोंड फिरवलं आणि चमचा बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी आजीने हाक मारली तेव्हा बाई म्हणाल्या, "आले, आजी." त्यानंतर साडेतीन वर्षं त्या एव्दोकिया होत्या. आजीने त्यांच्या केसांवरून हात फिरवला, त्यांना लहानपणीची गाणी म्हणून दाखवली, आपल्या कानातले डूल काढून त्यांच्या हातात ठेवले. ते सगळं प्रेम दुसरीच्या नावावर आलेलं होतं. बाईंनी ते घेतलं, आणि घेताना दर वेळी त्यांना लागलं.

या बाईंनी गावाला एक गोष्ट लावून दिली, तीही इथेच सांगायला हवी.

ईस्टरपूर्वी लेंटचे लांबलचक उपास असतात, त्यांच्या आधी मृतांचा शनिवार येतो. घराघरांतून कोलिवा येतो, म्हणजे उकडलेले गहू, वर साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. थाळीत एक मेणबत्ती खोचलेली आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत त्या घरच्या मेलेल्यांची नावं, नुसती नावं, आडनाव नाही, टोपणनाव नाही. पाद्रीबाबा एकेक चिठ्ठी घेऊन मोठ्याने वाचतात. ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या चिठ्ठ्या बाई लिहून द्यायच्या. आता आमच्या गावच्या चिठ्ठ्या म्हणजे सावास, सावास, सेवास्ती, सावास, एव्दोकिया, सावास. आमचे पाद्री, पापा स्टेलिओस, तेव्हा नवे होते आणि त्यांना घाई असायची. एका वर्षी त्यांनी थोरल्या कुलियानोस घराची चिठ्ठी उचलली आणि वाचून मोकळे झाले, "सावास, सात."

मागून किंकाळी आली. सेवास्ती होती ती, पंचवीस वर्षांची. तिचा नवरा सावास नोव्हेंबरात बुडाला होता आणि तिला सातवा महिना होता. "यातला माझा कुठला?" ती ओरडली. "सात काय? अंडी आहेत?"

बाई पुढे गेल्या आणि हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "पापा, सात वेळा वाचा."

"देवाला कळतं, बाई. तो काही गोंधळत नाही."

"देव नाही गोंधळत. पण त्यांच्या बायका इथे उभ्या आहेत. प्रत्येक सावास एकेकटाच मेलाय. प्रत्येकाला एकदा हाक मारा."

पापांनी चिठ्ठी पुन्हा उचलली. सावास. सावास. सावास. प्रत्येक वेळी एकेक बाई क्रूसाची खूण करत होती, आणि चौथ्या सावासला सेवास्तीने केली. चौथाच तिचा हे तिने कसं ठरवलं कुणास ठाऊक. तेव्हापासून पेट्रोवुनीत कुणाचंही नाव एकत्र बांधून वाचलं जात नाही.

सेवास्तीला मुलगा झाला. बाप हयात नव्हता म्हणून त्यालाच बापाचं नाव दिलं, सावास. एकुलता एक. दुःखाने काही माणसं मऊ होतात, सेवास्तीची जीभ मात्र चांगलीच धारदार झाली. त्या जिभेच्या तडाख्यात सून म्हणून सापडली ती आपली मेल्पो. मेल्पोला आधी दोन मुलगे झाले. १९९० साली मुलगी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता बस. म्हणजे सेवास्तीचं नाव पुढे जायचं तर याच मुलीवरून. दुसरी वाट नव्हती.

बाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मेल्पो एका दुपारी तान्ह्या मुलीला घेऊन आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, हिच्या धर्ममाता तुम्ही."

"अगं, कुणी तरुण बघ."

"नाही, तुम्हीच. आणि नाव तुम्ही घेणार. तुमचं."

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या.

"तुझी सासू..."

"सासू चार दिवस बोंबलेल. एरवी तरी काय करते? नाव घ्यायचा हक्क धर्ममातेचा. पाण्यात बुडवून झालं की पापाही बदलू शकत नाहीत. बाई, तुमच्यामागे हे नाव घेणार कोण? मेलबर्नवाल्यांची सगळी नावं ठरलेली. तुम्ही गेलात की क्लिमेनी संपली. मला नाही ते चालणार."

मेल्पोचं बाईंवर प्रेम होतं, यात शंका नाही. त्या प्रेमात सासूवर उगवलेला थोडा सूडही होता, हे बाईंनी ओळखलं. पस्तीस वर्षं पोरं वाचलेली बाई होती ती. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. मुलीला मांडीवर घेतलं आणि "बघू" एवढंच म्हणाल्या.

बाप्तिस्म्याला तीन आठवडे होते. मुलं उरली नव्हती म्हणून शाळेला कुलूप लागलं होतं, पण किल्ली बाईंकडेच होती. त्या दुपारी शाळेत जाऊन शिडासमोर बसायच्या. "क्लिमेनी," त्या मोठ्याने म्हणायच्या. रिकाम्या खोलीत ते नाव छान वाजायचं. "क्लिमेनी, खाली उतर. क्लिमेनी, चप्पल कुठे टाकलीस?" आपल्याला लहानपणी कुणी मारायला हव्या होत्या त्या हाका त्या मारून बघत होत्या. त्यांना ते हवं होतं. जन्मात इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. साठीला टेकल्यावर माणसाला असा हव्यास सुटावा, याची त्यांना लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा शाळेत जायच्या.

बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला. पापा स्टेलिओस आता म्हातारे झाले होते. मेल्पो रिवाजाप्रमाणे घरी दारात थांबली होती. तेलाने चोपडलेली मुलगी बाईंच्या हातातून निसटत होती आणि बेंबीच्या देठापासून रडत होती. बाईंनी तिला पापांकडे देताना वर पाहिलं, आणि दाराशी त्यांना सेवास्ती दिसली. नवा काळा रुमाल. आणि ओटी पुढे आलेली, भरलेली. बदाम असणार.

बाईंनी आपल्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची कहाणी आयुष्यात शंभरदा ऐकली होती, शेजारणींकडून, आईकडून. पण त्या दिवशी दाराशी उभं राहून आजीला काय वाटलं असेल, ते त्यांना कधी दिसलं नव्हतं. आत्ता ते समोर उभं होतं. आणि हातातली ही मुलगी. तिला उद्या कुणी "ए मुली" म्हणेल. आपण म्हाताऱ्या होऊन मरून जाऊ आणि ही त्या घरात राहील.

"नाव?" पापांनी विचारलं.

बाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. पापांनी पुन्हा विचारलं.

"सेवास्ती," बाई म्हणाल्या.

पोरं धूम पळाली. मेल्पोने दारात नाव ऐकलं आणि आत निघून गेली. दोन महिने ती बाईंशी बोलली नाही. सेवास्तीने चर्चमध्ये बदाम वाटले, सगळ्यांना मूठभर, बाईंना दोन मुठी. वाटताना म्हणाली, "आवाज एवढा बारीक कशाला काढलास? शेवटच्या रांगेला ऐकू नाही गेलं." तिच्या कानावर मेल्पोचा बेत आला होता की नव्हता, ते तिने कधीच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून बाईंच्या घरी दर रविवारी झाकलेली थाळी यायची, आणि ती घेऊन सेवास्ती स्वतः यायची.

बाई आणखी अकरा वर्षं जगल्या. थंडीत गेल्या, तीन दिवसांच्या तापाने. बहिणीला मेलबर्नहून येणं जमलं नाही. पापा स्टेलिओस आधीच गेले होते, आणि नवे पाद्री अनानियास दुसऱ्या बेटावरून आलेले, गावाशी ओळख जेमतेम महिन्याची. लगेच फेब्रुवारीत मृतांचा शनिवार आला.

पापा अनानियासनी पहिली चिठ्ठी उचलली, ती सेवास्तीच्या घरची. सावास, सावास, सेवास्ती, सावास, असे एकेक करत सगळे सावास, आणि शेवटी क्लिमेनी. दुसरी चिठ्ठी घंटावाल्यांची. सावास, एव्दोकिया, क्लिमेनी. तिसरीत क्लिमेनी. चौथीतही होती. सेवास्तीने मान वळवून घंटावाल्याच्या बायकोकडे पाहिलं आणि ती मेल्पोकडे बघू लागली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बाईंना लिहिणारं कुणी नाही, निदान आपण तरी लिहू, असं प्रत्येक घराला वाटलं होतं, आणि ते फक्त आपल्यालाच वाटलंय असं प्रत्येक घर समजून होतं.

बाराव्या चिठ्ठीला पापा अनानियास थांबले. समोर अजून चाळीसेक चिठ्ठ्यांचा ढीग होता. त्यांनी वरच्या चारपाच चाळून बघितल्या.

"हे नाव मी आधी कुठे ऐकलं नव्हतं," ते गोंधळून म्हणाले. "किती क्लिमेनी होत्या या गावात?"

"एकच," सेवास्ती मागून म्हणाली.

"मग एकदा वाचून झालंय, मावशी. पुढच्या चिठ्ठ्यांतलं मी..."

"वाच बाबा," सेवास्ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा धारदार नव्हता. "प्रत्येक वेळी वाच. इथली पद्धत आहे ती."

पापांनी वाचलं. त्या दिवशी कोलिवा वाटायला दुपार झाली.